काउंट वाढलंय, ताप मात्र नाही

नागपूरच्या धंतोलीतल्या ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काम करते, तिथे दुपारी चारनंतर फोन सुरू होतात. सकाळी घेतलेल्या रक्ताचे रिपोर्ट तोवर लोकांच्या मोबाईलवर पोचलेले असतात आणि त्यातला एखादा आकडा ठळक छापलेला असतो, कित्येकदा काउंटचा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा.

"ताई, पोरीचं काउंट सोळा हजार दाखवून राहिलं. नववा चालू आहे तिचा. इन्फेक्शन झालं का जी?"

ताप आहे का, लघवीला जळजळ होते का, अंगावरून पाणी जातंय का, असं मी विचारते. यातलं काहीच नसतं. मग मी सांगते, डॉक्टरांना दाखवा, पण घाबरू नका, या दिवसांत काउंट वाढतंच. यावर हमखास पुढचा प्रश्न येतो, "वाढते? आम्हाले तं वाटे कमी होते म्हून. बायांची प्रतिकारशक्ती कमी होते ना दिवसांमध्ये?"

या वाक्यावर माझा जुना राग आहे. प्रोटीन पावडरच्या डब्यावर ते असतं, डोहाळजेवणाला आलेल्या बायकांच्या तोंडी असतं आणि घराबाहेर पडू नको, याचा हात लावलेलं खाऊ नको, तिच्याकडे जाऊ नको, या सगळ्या फतव्यांच्या मागेही तेच असतं. गरोदर बाई म्हणजे अर्धी आजारी, हे एकदा ठरलं की तिला कोपऱ्यात बसवणं सोपं जातं.

रिपोर्टच्या कडेला छापलेली चार ते अकरा हजार ही मर्यादा गरोदर नसलेल्या माणसाची. दिवस गेल्यावर पांढऱ्या पेशी वाढत जातात, शेवटच्या तीन महिन्यांत पंधरा-सोळा हजार सहज सापडतात. कळा सुरू झाल्या की वीस हजारांच्या वर जातात, कधी तिशीच्या आसपास. बाळंतपण झालं की आठवडाभरात उतरणीला लागतात. सातव्या-आठव्यात बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर त्यानेही काउंट चढतं, आणि हे कुणी लॅबला कळवत नाही. आम्ही आपले काच रंगवून मायक्रोस्कोपखाली बघत बसतो. अशा बाईच्या काचेवर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची गर्दी असते, त्यात कोवळ्या पेशीही दिसतात, ज्यांचं केंद्रक अजून पाकळ्यांत वेगळं झालेलं नसतं. एरवी अशी काच पाहिली तर मी न्युमोनियाचा विचार करेन. इथे ती एका धडधाकट पोरीची असते, जी सकाळी बर्डीवरून स्वतःच्या पायांनी चालत आलेली असते.

आता काउंट वाढलं म्हणजे ताकद वाढली, असं सरळ गणितही नाही. लिम्फोसाइट या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी या काळात थोड्या कमीच दिसतात. म्हणजे कुठली फळी पुढे आणायची आणि कुठली मागे ठेवायची, हे शरीर नव्याने ठरवतं. कशासाठी, हा खरा प्रश्न आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबत निघते. काळी आणि पिवळी अशी दोन मोठी पुतळी, मागेपुढे बडगे नावाचे पुतळे, इतवारी-महालाच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नाही, आणि 'रोगराई घेऊन जा गे मारबत' म्हणत लोक तिला पुढे नेतात आणि शेवटी जाळतात. प्रतिकारशक्ती म्हटलं की मला वर्षानुवर्षं हेच दिसायचं. जे आपलं नाही ते हुडकायचं, गल्लीतून बाहेर काढायचं आणि जाळून टाकायचं. शाळेच्या पुस्तकातही याहून वेगळं काही नव्हतं. पण मग पोटातल्या पोराचं काय? ते अर्धं बापाचं. सख्ख्या भावाची किडनी बसवली तरी ती शरीराने नाकारू नये म्हणून जन्मभर गोळ्या खाव्या लागतात. इथे तर परक्या घरातून आलेल्या माणसाचा अर्धा वाटा असलेला जीव नऊ महिने आत राहतो, वाढतो, रक्तातून पोसला जातो आणि त्याला कुणी हात लावत नाही.

हा प्रश्न पीटर मेडावार या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये नीट मांडला. दुसऱ्याची कातडी लावली की शरीर ती का झिडकारतं, याचा त्याने महायुद्धाच्या काळात अभ्यास केला होता आणि पुढे १९६० मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याने तीन शक्यता सुचवल्या. आई आणि बाळ यांच्यात भिंत असेल, किंवा बाळाची ओळख पटण्याइतकं ते पक्व नसेल, किंवा आईची प्रतिकारशक्तीच सुस्त पडत असेल. पहिली थोडीफार खरी निघाली, बाकीच्या दोन टिकल्या नाहीत. लोकांच्या डोक्यात मात्र तिसरीच बसली आणि ती डोहाळजेवणापर्यंत पोचली.

गर्भाशयात काय चालतं ते पाहिलं तर सुस्ती हा शब्द कुणी काढणार नाही. पहिल्या तीन महिन्यांत वार (प्लासेंटा) जिथे रुजते त्या अस्तरात ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास एकाच जातीच्या असतात, आणि त्यांचं नाव 'नॅचरल किलर'. जन्मजात मारेकरी! रक्तात त्या विषाणूने बिघडलेल्या पेशी मारत फिरतात. इथे त्या मारत नाहीत. आईच्या गर्भाशयातल्या वळणदार धमन्या रुंद करण्याच्या कामाला हातभार लावतात, म्हणजे वारेला भरपूर रक्त मिळावं. वारेच्या ज्या पेशी आईच्या अस्तरात घुसतात त्या एचएलए-ए आणि एचएलए-बी ही नेहमीची ओळखपत्रं दाखवतच नाहीत. त्यांच्या अंगावर एचएलए-जी नावाचा एक वेगळाच रेणू असतो, जो शरीरात इतरत्र जवळजवळ कुठेच सापडत नाही. तो पाहून या मारेकरी पेशी शांत होतात आणि धमन्यांच्या कामाला लागतात. हे काम अर्धवट राहिलं, धमन्या अरुंदच राहिल्या, तर पुढे बाईचं बीपी वाढणं, पायांवर सूज, लघवीतून प्रोटीन जाणं आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर झटके, अशी मालिका सुरू होऊ शकते. म्हणजे इथे प्रतिकारशक्ती गप्प बसली तर बाळंतपण बिघडतं. कमी होते, कमी होते म्हणणाऱ्यांनी याचं काय करायचं ते सांगावं.

दुसरी पलटण आवर घालणाऱ्या टी पेशींची, ही लिम्फोसाइटचीच एक जात. जपानच्या शिमॉन साकागुची यांनी त्या १९९५ मध्ये दाखवून दिल्या आणि २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह त्यांना मिळालं. या पेशी बाकीच्या टी पेशींना आवरतात, आपल्याच अंगावर धावून जाऊ देत नाहीत. दिवस गेल्यावर त्या वाढतात. उंदरांमध्ये त्या काढून टाकल्या तर गर्भ टिकत नाही, हे २००४ मध्ये दिसलं.

आता दुसरी बाजू. गरोदर बायांना काही आजार जास्त बाधतात, हे खोटं नाही. इन्फ्लुएंझा, दूषित पाण्यातून होणारा हेपॅटायटिस ई (शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर पाचातली एखादी बाई दगावू शकते इतका वाईट) आणि मलेरिया. पण कारणं एकेक सोडवून पाहिली की 'शक्ती कमी' हे उत्तर पुरत नाही. इन्फ्लुएंझाच्या विषाणूला गरोदर बाईच्या मारेकरी पेशी आणि टी पेशी उलट जास्त जोराने उत्तर देतात, असं २०१४ च्या एका अभ्यासात आढळलं. छाती आणि पोट यांच्यामधला वर ढकललेला पडदा, फुप्फुसांना कमी जागा, हृदयावर जास्त भार, हे सगळं असताना तो जोरच अंगाशी येत असावा.

मलेरियाची गोष्ट मला फार आवडते, कारण ती आमच्या काचेशी थेट येऊन भिडते. गडचिरोलीकडून नागपूरला पाठवलेल्या बाया येतात. ताप, रक्त कमी, आणि काचेवर जंतू दिसतच नाही. तो असतो वारेत. फाल्सिपॅरम मलेरियाचा जंतू ज्या लाल पेशीत शिरतो तिच्या पृष्ठभागावर एक खास प्रथिन आणतो आणि त्याच्या जोरावर वारेतल्या एका साखरेला चिकटून बसतो. बोटातून काढलेल्या थेंबात तो कुठून सापडणार! पहिलटकरणीला हा त्रास सर्वांत जास्त. कारण तिच्या शरीराने वार नावाची जागा याआधी पाहिलेलीच नाही, या प्रथिनाविरुद्ध तिच्याकडे काही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला अँटिबॉडी तयार असतात आणि हा आजार सौम्य होत जातो. म्हणजे ती बाई अशक्त नव्हती, तिला एक नवं अंगण राखायचं होतं आणि ते तिने पहिल्या बाळंतपणात शिकून घेतलं.

माझ्या मावसबहिणीला विशीपासून आमवात. रुमेटॉइड. सकाळी उठल्यावर बोटं तासभर मिटत नसत. रक्तात आमवाताची खूण असलेला आरए फॅक्टर पॉझिटिव्ह, दाह दाखवणारा ईएसआर कायम वर. लग्नाला नकार आले ते वेगळंच. नंतर चांगलं स्थळ मिळालं. डॉक्टरांनी दिवस राहण्याच्या आधीच मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध बंद करून गरोदरपणात चालतील अशा गोळ्यांवर आणलं होतं. गरोदरपणात हिचे सांधे कसे सोसणार, म्हणून सगळ्यांच्या पोटात गोळा. आणि झालं उलटंच. पाचवा लागला तशी सूज उतरायला लागली. सहाव्यात ती लोणच्याच्या बरणीचं झाकण स्वतः फिरवून उघडत होती, पोळ्यांची कणीक मळत होती. मावशीने टेकडीच्या गणपतीला नवस केला होता, तेव्हा श्रेय कुणाचं याबद्दल घरात वाद नव्हता.

हे पहिल्यांदा नीट नोंदवलं फिलिप हेंच यांनी, १९३८ मध्ये. ते मेयो क्लिनिकमधले, म्हणजे अमेरिकेतल्या, आपल्या नागपूरच्या मेयो हॉस्पिटलातले नव्हे. आमवाताच्या बाया गरोदरपणात बऱ्या होतात, कावीळ झालेल्यांचाही आमवात उतरतो, तेव्हा शरीरात काहीतरी तयार होत असणार, या विचाराच्या मागे लागून ते कॉर्टिसोन या स्टेरॉइडपर्यंत पोचले आणि १९५० मध्ये नोबेलचे एक मानकरी झाले. गंमत म्हणजे गरोदरपणातल्या आरामाचा पूर्ण उलगडा कॉर्टिसोनने होत नाही. १९९३ मध्ये असं दिसलं की आई आणि बाळ यांच्या एचएलएमध्ये, म्हणजे त्या ओळखपत्रांमध्ये, जितका फरक जास्त तितकी आईचा आमवात शमण्याची शक्यता जास्त. बाळ बापावर जितकं जाईल तितका आराम! हे मी मावशीला समजावून सांगितलं तेव्हा ती थोडी गप्प बसली आणि म्हणाली, "म्हंजे जावयाले श्रेय द्याव लागन का आता?"

ही सगळी सांभाळून घेणारी व्यवस्था मग शेवटच्या दिवसांत पालटते, आणि ती कशी पालटते हे कळल्यापासून मी प्रसूतीकडे वेगळ्या नजरेने बघते. कळा म्हणजे फक्त स्नायूंचं आकुंचन असं आपण धरून चालतो. पण कळांच्या आधी पिशवीचं तोंड मऊ व्हावं लागतं, आणि ते मऊ होणं ही चक्क एक दाहाची क्रिया आहे. नऊ महिने घट्ट मिटलेल्या त्या तोंडात न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशी शिरतात, इंटरल्यूकिन हे पेशींचे निरोप्ये रेणू वाढतात, कोलॅजनचे घट्ट धागे विरघळवणारी विकरं सुटतात, तोंड मऊ करून कळा आणणारं प्रोस्टाग्लँडिन तयार होतं. गर्भ टिकवून धरणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक माणसात रक्तातून नाहीसं होत नाही, पातळी तशीच राहते, फक्त गर्भाशय त्याचं ऐकेनासं होतं. उंदरांमध्ये तर बाळाच्या पिकलेल्या फुप्फुसातून आलेलं एक प्रथिनच आईच्या गर्भाशयाला निरोप देतं की आता मी बाहेरच्या हवेला तयार आहे.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये आईच्या रक्तातल्या पेशींवरून गरोदरपणाचा काळ मोजता येतो, असं दाखवलं. २०२१ मध्ये त्यांनीच दाखवलं की कळा यायच्या दोन ते चार आठवडे आधी रक्तात एक ठळक वळण येतं. सोनोग्राफीतली तारीख सगळ्यांना पाठ असते. शरीर स्वतःची तारीख वेगळी धरून असतं.

लेबर रूममध्ये 'जेल लावलं' असं म्हणतात, ते जेल म्हणजे प्रोस्टाग्लँडिनच. शरीर स्वतः जे बनवायला उशीर करतंय तेच बाहेरून दिलेलं. आणि शेवटच्या महिन्यांत पाठ दुखते म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणू नये, त्याचं एक कारण हेच की या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन अडवतात. बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर मिटायची वाहिनी त्यामुळे आतच आकसू शकते, हे दुसरं आणि जास्त गंभीर कारण.

दाहाने प्रसूती सुरू होते, हे लक्षात आलं की अवेळी कळांचंही कोडं सुटतं. जंतू वर चढले, पाण्याच्या पिशवीपर्यंत पोचले, तर शरीर तीच यंत्रणा नवव्याऐवजी सातव्यात सुरू करतं. लघवीतला संसर्ग यात फार फसवा, कारण कित्येकदा जळजळ नाही, ताप नाही, काहीच नाही. मे महिन्यात नागपूरचं ऊन पंचेचाळीसच्या वर जातं. बाया पाणी कमी पितात, बाहेर असल्या की लघवी धरून ठेवतात, कारण जायला धड जागा नसते. लघवीचा नमुना जंतू वाढवायच्या मॅकॉन्कीच्या प्लेटवर लावून रात्रभर ठेवला की सकाळी ई. कोलाय जंतूंच्या गुलाबी, चकचकीत वसाहती उगवलेल्या असतात, अगदी भरगच्च. बाई म्हणते, मला तर काहीच होत नाहीये. तरी तिला औषध द्यावं लागतं. एरवी अशा लक्षणाविना आलेल्या जंतूंना बहुतेक वेळा हात लावत नाहीत, गरोदरपणात मात्र लावतात. सुरुवातीच्या महिन्यांत एक युरिन कल्चर व्हावं, असं माझं कळकळीचं मत आहे. थ्रीडी सोनोग्राफीतल्या बाळाच्या फोटोसाठी पैसे निघतात, या तपासणीला 'कशाले' म्हणतात.

बाळाच्या वाट्याचं थोडक्यात सांगते. आईच्या आयजीजी जातीच्या अँटिबॉडी वारेतून बाळाकडे जातात, सगळ्यात जास्त शेवटच्या तिमाहीत, आणि पूर्ण दिवसांच्या बाळात त्या आईपेक्षाही काकणभर जास्त असू शकतात. म्हणून गरोदरपणात टीडीची (धनुर्वात आणि घटसर्पाची) लस. ती आईच्या दंडावर टोचली तरी धनुर्वातापासून तिच्यासोबत बाळालाही जपते. भारतात माता आणि नवजातांचा धनुर्वात हटल्याचं २०१५ मध्ये मान्य झालं, त्यात या टोचणीचा मोठा वाटा. बाकी पहिल्या दुधाचा चीक फेकून द्यायला सांगणाऱ्या आज्या अजून भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालते, आणि तो फारसा नम्र नसतो. वारेतून जाणारी हीच अँटिबॉडी उलटीही फिरू शकते. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर प्रसूतीत मिसळलेल्या रक्ताने आईच्या शरीरात त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात आणि पुढच्या बाळाच्या रक्तावर धावतात. म्हणून अठ्ठाविसाव्या आठवड्याला आणि प्रसूतीनंतर बहात्तर तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन, जे या अँटिबॉडी तयार होऊ देत नाही. सगळं जुळवून घेणाऱ्या या व्यवस्थेत ही एक फट अशी आहे, जी तिला स्वतःहून बुजवता येत नाही.

नाळ कापली की हिशेब संपला असंही नाही. बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात राहून जातात. मुलगा झालेल्या बाईच्या रक्तात सत्तावीस वर्षांनंतरही त्याच्या पेशी सापडल्या, असं १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं.

सगळ्यात दुर्लक्षित काळ म्हणजे बाळंतपणानंतरचा. वार पडली की नऊ महिने धरून ठेवलेला लगाम सुटतो. घरात सगळे बाळाभोवती असतात, बाळंतिणीला डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, शेक आणि धुरी मिळते, पण तिला काय होतंय हे विचारायला कुणी नसतं. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचे उद्रेक शेवटच्या तिमाहीत कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत वाढतात. काही बायांची थायरॉइड या काळात बिघडते. आधी धडधड, घाम, वजन उतरणं, मग काही महिन्यांनी थकवा, केस गळणं, उदास वाटणं. 'लेकराच्या जागरणानं होते' म्हणून ते खपून जातं. टीएसएच ही थायरॉइडची एक तपासणी केली तर कळतं. आमच्याकडे बाळाची कावीळ तपासायला येणाऱ्या आया रोज येतात, स्वतःचं टीएसएच करायला येणारी बाळंतीण क्वचितच.

मावसबहिणीचंही तेच झालं. तिसऱ्या महिन्यात बोटं पुन्हा सुजली, लंगोटाची नाडी बांधता येईना, बाळाला उचलताना मनगटात कळ जाऊ लागली. गरोदरपणात इतकं बरं वाटलं होतं की तिला वाटलं आजार गेलाच, म्हणून संधिवाताच्या डॉक्टरांकडे जायचं राहून गेलं होतं. प्रसूतीच्या दवाखान्यात यातलं कुणी तिला सांगितलं नव्हतं, कागदावर फक्त बाळाच्या लसींच्या तारखा. डॉक्टरांनी अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या सुरू केल्या, महिना-दीड महिन्यात हात वळायला लागले. मावशीने यातून वेगळाच निष्कर्ष काढला. दुसरं होऊ द्या, बोटं पुन्हा सुटतील, असं ती जावयासमोरच म्हणाली. बहिणीने बाळ खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "आई, गोळीनं भागते तं त्यासाठी पोरगं काहून आणाव?"